बाजू संपेपर्यंत

रेकॉर्डवर बाई गाते हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि इथे पुरुष गात होता. झालं ते एवढंच. रविवारची दुपार, रेकॉर्डच्या दुकानाची मागची खोली, भिंतीशी रचलेली रिकामी खोकी, आम्ही नेहमीचे सातआठ जण मिळेल तिथे टेकलेले, आणि दोन मोठ्या स्पीकरांच्या बरोबर मधे, एकुलत्या एक धड खुर्चीत, डोळे मिटून कानसेन. हे नाव त्याला आम्हीच दिलं. तानसेन व्हायला गळा लागतो, कानसेन व्हायला नुसते कान पुरतात, असं कुणीतरी चेष्टेत म्हणालं आणि त्याने ते पदवीसारखं अंगाला लावून घेतलं. पेपरात नव्या रेकॉर्डींवर लिहिता लिहिता त्याचे केस पांढरे झाले. आता तो डोळे मिटून, एक बोट हवेत धरून ऐकत होता, आणि मी त्या पुरुषाच्या आवाजाने बुचकळ्यात पडले होते. कारण हीच रेकॉर्ड त्या आठवड्यात टपालाने माझ्या घरी आली होती आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर, चप्पलसुद्धा न काढता, मी ती लावत होते. बसून ऐकताच येत नव्हती. ऑर्गनची एक किंकाळी, मागे कुणीतरी पत्रा फरफटत नेतंय, गिटार उलटी वाजते, आणि त्या सगळ्यावरून एक बाई जिना धावत चढल्यासारखी गात सुटते, धापा टाकत, संतापून, अशी की माझ्या दंडावर काटा यायचा. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "आज गिरणीचा पट्टा तुटला वाटतं." मी त्याला हाताने गप्प करायची. आणि इथे तेच सगळं गुडघाभर चिखलातून चाललं होतं. आधी वाटलं, ही वेगळीच रेकॉर्ड आहे. मग ती जागा आली. पहिल्या बाजूच्या मध्यावर कुणाच्या तरी हातून कप पडतो आणि ती बाई खुदकन हसते, आणि त्या लोकांनी ते तसंच राहू दिलंय. ही जागा मला फार आवडते. इथेही कप पडला, पण हंडा पडावा तसा, आणि पाठोपाठ एक म्हातारा खाकरून हसला. मी यंत्राकडे बघितलं. वेगाचा खटका तेहेतीसवर होता, म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेरे. रेकॉर्ड पंचेचाळीसची होती.

आता आमच्या खोलीची रीत सांगते, नाहीतर वाटेल हे लोक आंधळे का बहिरे. दोन्ही नव्हेत, फक्त नियमाचे पक्के आहेत. ज्याने त्याने नवी कोरी, सील न फोडलेली रेकॉर्ड आणायची. दुकानदार सील फोडतो आणि मधल्या लेबलवर खाकी कागदाची गोल चकती चिकटवतो, तोही शक्यतो न वाचता, कारण वाचलं की चेहऱ्यावर दिसतं म्हणे. नाव कळलं की कान खोटं बोलू लागतात, हे कानसेनचं लाडकं वाक्य. तो घरीही असाच ऐकतो, त्याची बायको चकत्या लावून देते, हे त्याने छापून सांगितलेलं आहे. यंत्राला हात फक्त त्याने लावायचा. आणि बाजू संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. खोकला आला तरी बाहेर जायचं. मला ही रीत आवडायची, खोटं का बोलू. जगात दुसरी कुठली खोली आहे जिथे मोठी माणसं एखाद्या अनोळखी टोळक्याने रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून केलेला आवाज अर्धा तास श्वास रोखून ऐकतात? पण त्या चकतीखाली नावाबरोबर वेगही झाकला जातो, हे त्या दिवसापर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मोठी तबकडी म्हणजे तेहेतीस, छोटी म्हणजे पंचेचाळीस, असा कानसेनचा हात वर्षानुवर्षं बसलेला. मोठी असून पंचेचाळीसची रेकॉर्ड क्वचित निघते. आणि या संगीतात काय, गाणं रांगलं काय नि उडालं काय, प्रयोग आहे म्हणून माना डोलावायला सगळे मोकळे. बाजू संपली. कानसेनने डोळे उघडले. "काय आवाज आहे हा!" तो म्हणाला. "विहिरीच्या तळाशी बसून गाणारा माणूस. याने आयुष्य बघितलंय." रेकॉर्ड आणणारा चष्मेवाला धन्य झाला. माझं तोंड उघडलं होतं. खटका चुकलाय हो, एवढं म्हटलं असतं तर हशा झाला असता, चहा आला असता आणि विषय मिटला असता. पण तेवढ्यात एक शब्द पोटातून वर आला आणि मी तोंड मिटलं. तो शब्द होता सुस्ती.

"सुस्ती हा या रेकॉर्डचा स्थायीभाव आहे. ड्रम वाजवणारा प्रत्येक ठोक्याआधी एक डुलकी काढतो. गायक पन्नाशीचा असावा आणि नुकताच भरपेट जेवून उठलेला असावा. म्हैस डबक्यात बसते तेव्हा निदान पाणी तरी हलतं. इथे तेही हलत नाही." मला हे पाठ आहे. काहींना आरत्या पाठ असतात तसं मला हे पाठ आहे. लिहिलं होतं कानसेनने, माझ्या धाकट्या भावाच्या पहिल्या आणि शेवटच्या रेकॉर्डवर. धाकटा तेव्हा विशीत होता, मिसरूड धड फुटलं नव्हतं, आणि त्याची रेकॉर्ड, तीही अशीच मोठी असून पंचेचाळीसची, म्हणजे अंगावर धावून येणारं कुत्रं होतं. चौघांनी एका गोदामात, ट्रकवाले जेवायला गेले की तेवढ्या वेळात ती वाजवली होती. घाई त्या गाण्यांच्या हाडातच होती. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण तीही म्हणायची, अरे जरा दमानं, कुणी पाठीमागे लागलंय का? आणि हा म्हणे सुस्त. हा म्हणे पन्नाशीचा. त्या दिवशी पेपर आमच्या टेबलावर उघडा पडला होता आणि आई म्हणाली, "मेल्याला डोळे नाहीत का? पाकिटावरचा फोटो तरी बघायचा." आम्ही हसलो. धाकटा हसला नाही. संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला, रेकॉर्ड लावली आणि विचारलं, "ताई, हे तुला जलद वाटतं ना?" मी म्हटलं, अरे, म्हणजे काय! "मग त्याला का नाही वाटत? तो जाणकार आहे. त्याला शत्रुत्व असायचं काय कारण?" शिव्या दिल्या असत्या तर पोरगं लढलं असतं. वाईट आहे म्हटलं असतं तर वाईट म्हणून सुधारलं असतं. पण जे वाजलंच नाही ते ऐकू आलं म्हटल्यावर माणसाने काय करायचं? त्याने आपल्याच कानांकडे संशयाने बघायला सुरुवात केली. घड्याळ शेजारी ठेवून गाणं ऐकायचा. मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायचा. सरावात मधेच थांबून ड्रमवाल्याला विचारायचा, आता हळू झालं का? तो म्हणायचा नाही रे, की हा म्हणायचा, तुलाही माझ्यासारखंच झालंय. महिन्यात टोळकं फुटलं. "तू माझी बहीण आहेस, तू होच म्हणणार," असं तो मला म्हणाला त्या दिवसापासून मी त्याच्याशी गाण्यावर बोलणं सोडलं. गिटार विकली. आता तो फरशा कापायच्या यंत्रावर काम करतो, कानात कापूस घालून, आणि घरी आल्यावरही कापूस काढायचं विसरतो. लग्नकार्यात बँड सुरू झाला की हा बाहेर जाऊन उभा राहतो.

आणि मी? मी त्या कानसेनच्याच खोलीत वर्षानुवर्षं जाऊन बसत होते. बघणाऱ्याला हे निर्लज्जपणाचं वाटेल. पण मला त्या रेकॉर्डींवाचून चैन पडत नाही. धाकट्यानेच लावलेली चटक, त्याने सोडली, माझी सुटली नाही. टपालाचं चौकोनी पाकीट आलं की मी ते दारातच फाडते. नव्या रेकॉर्डचा तो रबरासारखा वास, सुई टेकल्यावर पहिल्या आवाजाच्या आधीची ती खरखर, पुढे काय येणार हे जगात कुणालाही माहीत नाही असा तो क्षण, याच्यासाठी मी सैतानाच्या शेजारीही मांडी घालून बसले असते. बसलेच होते. मी कुणाची बहीण हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मी कोपऱ्यात बसायची, डूख धरून, आणि कानसेन एखाद्या नव्या पोराची रेकॉर्ड उचलून धरी तेव्हा मनात म्हणायची, याला बरा ऐकू आला रे तू. बहिऱ्याला, मत्सरी माणसाला, लाचखाऊला, सगळ्यांना मी त्याच्यात शोधून पाहिलं होतं. यातलं काहीच नव्हतं. नुसता एक खटका. इकडचा तिकडे करायला करंगळी पुरली असती. हे कळल्यावर राग उतरायला हवा होता असं नवऱ्याचं म्हणणं. "चूक झाली बिचाऱ्याकडून," तो म्हणाला. "बिचारा म्हणू नकोस," मी म्हटलं, आणि भांडं असं आपटलं की त्याने विषय बदलला. वैर असतं तर वैराला किंमत असते. दुष्टाव्याने मारलेल्या माणसाला निदान कुणीतरी मारलेलं असतं. माझा भाऊ कुणी न मारताच मेला होता, आणि मारणारा मान डोलावत नव्या रेकॉर्डी ऐकत होता.

तो आठवडा मी कामावर काय केलं देव जाणे. मी रंगाच्या दुकानात काउंटरवर असते. लोक चिंध्या, टवके, उशीचे अभ्रे घेऊन येतात, हाच रंग भिंतीला हवा म्हणतात, आणि मी यंत्रातून थेंब थेंब सोडून तो जुळवते. एक बाई फिक्या निळ्या रिबिनीचा तुकडा घेऊन आली. मी थेंब सोडत होते आणि मनात भाषण करत होते. "तुम्ही आयुष्यभर कान कान करत आलात," असं ते सुरू व्हायचं. मग तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, मग चष्मेवाला, मग दुकानदार, मग त्याच्या पेपरात पत्र, मग त्याच्या दारावरून जाताना पोरंटोरं "किती वेग, किती वेग" म्हणून ओरडतायत. इतकं गोड काही मी बऱ्याच वर्षांत खाल्लं नव्हतं. "अहो, हा काळपट झालाय," बाई म्हणाली. झालाच होता. मी तो डबा बाजूला ठेवला, दुसरा घेतला, आणि पुन्हा भाषण पहिल्यापासून सुरू केलं. एकच अट मी स्वतःला घातली होती. नुसतं सांगायचं नाही. धाकट्याची रेकॉर्ड त्या खोलीत, चकती लावून, त्याच्याच हाताने तेहेतीसवर वाजली पाहिजे. त्याने पुन्हा एकदा तिला म्हैस म्हटलं पाहिजे, सगळ्यांच्या देखत. मग मी उठणार होते.

माझ्याजवळची प्रत घरं बदलताना कुठेतरी गेली होती, म्हणून धाकट्याकडे गेले. त्याच्या गॅलरीत कुंड्यांची रांग आहे, आणि त्या कुंड्यांखालच्या काळ्या, काठ वर वळलेल्या ताटल्या मी इतकी वर्षं बघत आले होते. त्या दिवशी वाकून बघितल्या. मधे भोक होतं, चिखलाने बुजलेलं. धाकट्याची बायको म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं? खपल्या नाहीत त्या सगळ्या. गरम पाण्यात धरून यांनीच वाकवल्या. पाणी छान धरतात." बोलले असते तर रडले असते, आणि मला तेव्हा रडायचं नव्हतं, मला कानसेनला रडवायचं होतं. धाकटा आला. मी खोटंच सांगितलं की आमच्यात जुनं काहीबाही ऐकायचा बेत आहे, आणि एखादी शाबूत आहे का विचारलं. त्याने कापूस काढला, परत विचारायला लावलं, आणि कपाटावरून एक काढून आणली, पेपरात गुंडाळलेली. माझ्या हातात मात्र दिली नाही. "रविवारी मीच आणून देतो. वाजली की परत घेऊन जातो. आत येणार नाही." मी म्हटलं, नको येऊस. मनात म्हटलं, दार मी उघडं ठेवते.

रविवारी चकती मीच लावली, दुकानाच्या पायरीवर, धाकट्यासमोर. लेबलवर त्या गोदामाचं चित्र होतं आणि कडेला बारीक अक्षरात पंचेचाळीस. ते झाकताना मला चोरी केल्यासारखा आनंद झाला. धाकटा स्कूटरवर बसून राहिला, रस्त्याकडे तोंड करून. आत दुकानदार म्हणाला, सील कुठाय? "अजून कुणी धड ऐकलेली नाही," मी म्हटलं, आणि यात खोटं काही नव्हतं. कानसेनने रेकॉर्ड कडांनी धरली, फुंकर मारली, ठेवली. खटक्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. सुई टेकली. मी त्याच्या चेहऱ्यावर नजर लावून बसले, मांजर बिळासमोर बसतं तशी. खरखर झाली, गोदामाचा तो पोकळ आवाज आला, आणि माझा भाऊ हळूहळू, ओल्या वाळूतून पाय ओढत, गायला लागला. हे मी धरून चालले होते. काय धरून चालले नव्हते ते सांगते. ते सुंदर होतं. गिटार घंटेसारखी लांबत होती, ड्रमचा एकेक ठोका पडून विझेपर्यंत दिसत होता, आणि आवाज, तो आवाज विशीतल्या पोराचा नव्हताच, तो आमच्या वडिलांचा होता. संध्याकाळी दारात बूट काढताना आईला हाक मारणारे वडील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्या पाण्याचा भयंकर राग आला. मी इथे सूड घ्यायला आले होते. कानसेनचं बोट हवेत थरथरत होतं. आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं, हलकटाच्या. तो आता हिला म्हैस म्हणणार नव्हता. जग पालटलं होतं, मंद चालणं आता मोठेपणाचं लक्षण झालं होतं, किंवा तो म्हातारा झाला होता, काय असेल ते. बाजू संपली की तो म्हणणार होता, याला शोधून काढा. चूक तीच आणि तिच्यावर आता स्तुती, आणि मी रचून आणलेलं भाषण कुठे सुरू करायचं?

दार मी उघडं ठेवलं होतं. धाकटा केव्हा आत आला कळलं नाही. तो खोक्यांशी उभा होता, कापसाचे दोन्ही बोळे मुठीत, आणि तोंडावरचा रंग उतरलेला. तो यंत्राकडे नाही, माझ्याकडे बघत होता. या खोलीत बाजू चालू असताना कुणी बोलत नाही हे त्याला कुठून माहीत असणार. त्याने विचारलं, अगदी तेव्हाच्यासारखं, चुकलो तर हसू नकोस अशा आवाजात, "ताई, हे हळू वाजतंय का? का मलाच?"

सगळ्यांनी वळून बघितलं. कानसेनने डोळे न उघडता "शू" केलं. मी उठले. "हळूच वाजतंय रे," मी म्हटलं. "तुला नाही, हळूच वाजतंय. तेव्हाही याने हळूच वाजवलं होतं." धाकटा पुढे आला, कानसेनच्या खुर्चीला वळसा घालून, आणि ज्या यंत्राला आमच्यापैकी कुणी कधी बोट लावलं नव्हतं त्याचा खटका त्याने करंगळीने पलीकडे ढकलला. गाणं उभं राहिलं. वडील गेले, पोरगा आला. कुत्रं साखळी तोडून खोलीत शिरलं, ड्रम चौखूर उधळले, आणि चष्मेवाल्याच्या हातातला चहा सांडला. कानसेनने डोळे उघडले. आणि मग माझ्या भाषणातलं एक अक्षर मला आठवलं नाही, त्याच्याऐवजी जे पाठ होतं ते बाहेर पडलं, त्या पळत्या गाण्यावरून, ओरडून. "सुस्ती हा या रेकॉर्डचा स्थायीभाव आहे! ड्रम वाजवणारा प्रत्येक ठोक्याआधी एक डुलकी काढतो! गायक पन्नाशीचा असावा!" मी म्हशीपर्यंत आले. कानसेन गोंधळून माझ्याकडे, यंत्राकडे, परत माझ्याकडे बघत होता. "अहो बाई, कोणत्या गाढवाने लिहिलंय हे?" तो म्हणाला, अगदी मनापासून.

"तुम्ही," मी म्हटलं.

त्याला आठवलं नाही. आधी आठवलंच नाही, हे मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्यासाठी मी त्याला मरेपर्यंत क्षमा करणार नाही. मग त्याने धाकट्याकडे बघितलं, त्याच्या पांढऱ्या झालेल्या कल्ल्यांकडे, फरशीच्या भुकटीने फुटलेल्या बोटांकडे, मग फिरणाऱ्या चकतीकडे, आणि मग कुठे ते त्याच्या तोंडावर हळूहळू चढत गेलं. त्याचं हवेतलं बोट खाली आलं. खटका, चकती, त्याची बायको, त्याचं लाडकं वाक्य, एवढ्या वर्षांत अशाच किती रेकॉर्डी, हे सगळं मला त्याच्या पुढ्यात ओतायचं होतं, माझ्या जिभेवर आलं होतं, मी श्वास घेतला.

"ताई, गप्प बस ना," धाकटा म्हणाला. "बाजू संपू दे."

तो स्पीकरला जवळजवळ कान लावून वाकला होता. बोटं मांडीवर पळत होती, गाण्याच्या किंचित पुढे, आणि तो मान हलवत स्वतःशी म्हणत होता, जलद आहे, जलदच आहे. त्याला कानसेन दिसत नव्हता. मीही दिसत नव्हते. मी खाली बसले. रीत ती रीत. कानसेन मात्र चुळबुळत होता. त्याने डोळे मिटून बघितले, त्याला मिटवेनात. मग तो खुर्चीतून अर्धवट उठला, चपला पायाने चाचपू लागला, दाराकडे बघू लागला. तेवढ्यात सुई मधल्या चकतीशी गेली आणि खरखरत राहिली.

"बसा," मी म्हटलं. "दुसरी बाजू आहे अजून. लावा. खटका बघून लावा."